अडीच किलोची बाळं

निंबर्गा, ता. आळंद, जि. कलबुर्गी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप काकूनं मोबाइलवर अक्षरं मोठी करून दाखवला. मी तो रात्री वाचला, पहाटे उठून पुन्हा वाचला, आणि मग उत्तर कागदावरच लिहायचं ठरवलं, कारण तुझ्याशी सावकाश बोलायचं तर मला कागद लागतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक आहे. तुरी यंदा बऱ्या आहेत. तुझी आजी तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवते आहे, आणि डबा कुणाबरोबर पाठवायचा याची तिची रोज नवी योजना असते.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. तू लिहिलंस की वेगवेगळ्या देशांतल्या नवजात बाळांची वजनं तुझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या एका केंद्राची वजनं अडीच किलोवर येऊन साचलेली दिसतात. दोन किलो चारशे साठ, दोन किलो पाचशे तीस असे आकडे जवळजवळ नाहीतच, सगळी बाळं नेमकी अडीचची. आणि तुझे वरिष्ठ म्हणतात की एखाद्या सूत्रानं तो ढीग पसरवून टाक, महिनाअखेर तक्ते दे, म्हणजे लेख वेळेत जाईल. बाळा, तू आकड्यांत लबाडी करशील ही शंका माझ्या मनाला शिवत नाही. ती काळजी मी कधीच केली नाही, पुढेही करणार नाही. मला भीती वाटते ती महिनाअखेरची.

अडीच किलो हा काही साधा आकडा नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे अडीच किलोच्या आत भरलेलं बाळ कमी वजनाचं, आणि बरोबर अडीच भरलेलं बाळ त्या यादीतून बाहेर. म्हणजे काट्यावर दोन किलो चारशे साठ दिसलं आणि नर्सबाईंनी जाता जाता अडीच लिहिलं, तर ते बाळ कागदावर धडधाकट होतं. त्याच्या आईला कुणी चार दिवस जास्त ठेवून घेत नाही, त्याच्या घरी कुणी दुसऱ्यांदा चौकशीला जात नाही. तुझ्या सूत्रानं ढीग पसरेल, तक्ता देखणा होईल, पण त्यातलं कुठलं बाळ खरोखर अलीकडचं आणि कुठलं पलीकडचं, हे त्या सूत्राला कसं कळणार? ते फक्त त्या खोलीत कळेल जिथे काटा ठेवलेला आहे.

मी मराठी शाळेत मास्तर होतो तेव्हा जनगणनेचं काम आम्हा मास्तरांवरच असायचं. १९८१ साली आपल्या गल्लीच्या टोकाला एका बाईंना मी वय विचारलं. भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "लिवा चाळीस." मी उंबऱ्याशी बसून राहिलो. रझाकारांच्या वेळचं काही आठवतं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तवा म्या रांगत हुते, आई काखंत मारून आळंदला पळाली." म्हणजे १९४८. म्हणजे बाईंचं वय चाळीस नव्हे, तेहतीस-चौतीस. आपल्या भागात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, पण रझाकार, पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचा धागा धरून बसलं की वय हाती लागायचं. फक्त बसावं लागायचं. पुढे तूच मला सांगितलंस की शून्यावर आणि पाचावर साचणाऱ्या वयांना मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे, शंभर आला तर कुणी गोल आकडा धरला नाही, पाचशे आला तर सगळ्यांनीच धरला. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आम्ही उंबऱ्यावर बसून जे निस्तरत होतो त्याला मोजमाप आहे, आणि ते माझी नात शिकते आहे!

तुझ्या या संख्याशास्त्राच्या विद्येत आपल्या मराठी माणसांपैकी एक फार मोठा माणूस होऊन गेला, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. फर्ग्युसनमधून गणित घेऊन १९३२ साली पदवीधर झाले, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, आणि तिथे फिशर, नेमन, पिअरसन अशा लोकांच्या सहवासात १९३६ साली डॉक्टरेट मिळवून परतले. परत आल्यावर ते काशीला पंडित मदनमोहन मालवीयांना भेटले, आणि मालवीयांनी त्यांना विचारलं की तुमची ही विद्या या देशातल्या उपाशी माणसाच्या कोणत्या कामाची, असं सांगितलं जातं. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं, असं मला वाटतं. दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांचा अंदाज घेण्याच्या पद्धती घडवल्या, १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले, आणि जवळजवळ वीस वर्षं तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून जगाची भूक मोजली.

त्यांचं एक काम तुला आपल्या शेताच्या बांधावरून समजेल. पीक कापणी प्रयोगाला माणसं यायची तेव्हा तू खुंट्या धरायला पळायचीस. चार खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, आतला जोंधळा कापायचा, झोडपायचा, तोलायचा, आणि त्यावरून सगळ्या तालुक्याचं उत्पन्न काढायचं. आता एखादं ताट नेमकं सुतळीवर उभं असलं तर कापणारा ते आत धरतो की बाहेर? बहुतेक वेळा आत धरतो, हाताला आलेलं कणीस सोडवत नाही. तुकडा मोठा असला तर त्या चार-दोन ताटांनी काही बिघडत नाही, पण तुकडा अगदी लहान घेतला, तर क्षेत्राच्या मानानं काठच जास्त, आणि उत्पन्न फुगून दिसतं. त्या काळी लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे मोठे मोठे लोक होते, कारण त्यात वेळ आणि पैसा वाचत होता. सुखात्म्यांनी शेतांत प्रत्यक्ष तुलना केली आणि ही फुगवट १९४६ साली 'नेचर'मध्ये मांडली. विचार कर, ज्या देशात तीनच वर्षांपूर्वी बंगालचा दुष्काळ होऊन गेला होता, तिथे धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसणं ही किती भयंकर गोष्ट! आणि तिचं मूळ कुठे, तर सुतळीवरच्या ताटात. तुझी अडीच किलोची बाळं मला त्या ताटासारखी वाटतात.

पुढे १९६१ साली त्यांनी जगाच्या भुकेवर निबंध वाचला. दोन तृतीयांश माणूसजात उपाशी आहे, असं तेव्हा मोठमोठे लोक सांगत असत. सुखात्म्यांनी हिशेब करून दाखवला की पोटभर न मिळणारे जगात दहा ते पंधरा टक्के आहेत, आणि पोट भरूनही कस नसलेलं खाणारे धरले तर ही संख्या निम्म्यापर्यंत जाते. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना पुढे, १९६३ साली, 'गाय' (Guy) नावाचं पदक दिलं. लहान आकडा सांगायला त्या वेळी धैर्य लागलं असेल. भुकेच्या बाजूनं बोलणाऱ्यालाच भूक कमी दाखवतोस का, असं विचारणारे भेटतातच.

आणि त्यांची जी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते ती पुण्याला परतल्यानंतरची. तू वेळ अमावास्येला शेतात आली आहेस. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, येईल त्याला पानावर बसवायचं, आणि नको म्हणणाऱ्यालाही वाढायचं. समज, तुझा एखादा पाहणी करणारा त्याच दिवशी आला आणि निंबर्ग्याचा माणूस काय खातो ते लिहून गेला. आणि दुसरा एकादशीला आला. दोघांच्याही वह्या खऱ्या, दोघांनीही तोलूनच लिहिलेलं, आणि दोघांच्याही हाती निंबर्गा आला नाही. सुखात्मे आणि बर्कलेचे शेल्डन मार्गेन यांचं म्हणणं या वाटेनंच पुढे जातं. एकाच माणसाचं खाणं आणि खर्च दर दिवशी, दर आठवड्याला कमीजास्त होतं, शरीर ते काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेतं, तेव्हा सरासरी गरजेच्या खाली खाल्लेलं एकदा दिसलं म्हणून त्या माणसाला उपाशी ठरवू नका.

यावरून पुण्यात मोठा वाद झाला. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर, तेही सातारचेच, यांनी नीलकंठ रथांबरोबर १९७१ साली २२५० उष्मांकांची रेघ धरून देशाचं दारिद्र्य मोजलं होतं. सुखात्मे म्हणत, सरासरीवर रेघ ओढलीत तर निरोगी माणसंही उपाश्यांत मोजली जातील, रेघ खाली घ्या. दांडेकर आणि पोषणशास्त्रातले सी. गोपालन यांना ते पटलं नाही. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं ते काही फुकट घेत नाही, उंची आणि ताकद देऊन घेतं, असा गोपालनांचा रोख होता. मी वर्षानुवर्षं पोरांच्या रांगा पाहिल्या आहेत, मला गोपालनांची बाजू जास्त पटते. रेघ खाली सरकली की पहिल्यांदा बाहेर पडतो तो गरीबच. पण एका दिवसावरून माणूस ठरवू नये, हे सुखात्म्यांचं म्हणणं मी सोडलेलं नाही, आणि तूही सोडू नकोस. दोघांचंही मूळ लेखन काढून वाच, दुसऱ्यानं केलेला सारांश नको. सुटीच्या दिवशी सकाळी वाच, त्या वेळी डोकं स्वच्छ असतं.

सकाळवरून आठवलं. लवकर उठायची तुझी सवय मोडली असं आजी म्हणते. रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसतेस म्हणे. मी रागावत नाही, पण तुझ्या धंद्याला पहाट लागते, हे मनापासून सांगतो. घरात काय शिजलं, कुणाच्या ताटात किती पडलं, हे पाहायचं तर चूल पेटायच्या आधी उंबऱ्यावर असावं लागतं. ऊन वर आलं की बायका रानात जातात, आणि मग तुला मिळतं ते आठवणीतलं जेवण. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात बाळ जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत मोजमाप घ्यायचा नेम होता. बाळंतपण काही कचेरीची वेळ पाहून होत नाही. रात्री, पावसात, सणासुदीला निरोप आला की निघायचं. आणि त्या धावपळीतून काय हाती लागलं ते बघ. २००१ साली आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी ७९७ बायकांचा हिशेब मांडला, तेव्हा बाळाच्या आकारमानाशी आईच्या एकूण उष्मांकांचा आणि प्रथिनांचा म्हणावा तसा संबंध दिसला नाही. दिसला तो दूध, पालेभाजी आणि फळं यांच्याशी. मेथीची जुडी आणि चुक्याची भाजी घासाघीस करून घेणाऱ्या तुझ्या आजीला मी हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, एवढं शिकून एवढंच कळलं का! पण बाळा, आजीचं वाटणं आणि मोजून कळणं यांत जे अंतर आहे, तेवढी वाट चालणं हेच तुझं काम आहे. आणि एखाद्या दिवशी आजीचं वाटणं चुकीचं निघालं, तर तेही तिला तूच सांगायचं आहेस. हळू आवाजात.

बेळगावचं ऐकलंस ना? आपल्यासारखाच सीमेवरचा मुलूख. तिथल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी झाली. अर्ध्या जणींना खरी गोळी, अर्ध्या जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली, आणि कोणती कुणाला हे नर्सबाईंनाही ठाऊक नाही. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं ते डोळ्यानं अजमावायची तोवर रीत होती. त्यांनी बाळंतिणीखाली एक प्लास्टिकची चादर अंथरली, तिच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं, खूण वाचायची, लिहायची. नुसत्या नजरेचा अंदाज त्या पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो, हे बेळगावातच दाखवून झालं. गोळीमुळे जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण बारा टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, २०११ साली ती गोळी या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. आणि केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया या देशांतल्या ऐंशी रुग्णालयांच्या अभ्यासात, जो २०२३ साली छापून आला, निम्म्या रुग्णालयांत तशाच खुणांच्या पिशवीनं रक्तस्राव वेळीच ओळखून लगोलग सगळे उपाय केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्यानं होणारे मृत्यू, हे मिळून साठ टक्क्यांनी उतरले. औषधं बहुतेक जुनीच होती. मापाला पिशवी मिळाली, आणि खूण ओलांडली की थांबायचं नाही असं ठरलं.

हे एवढं सविस्तर लिहितो आहे, कारण तू निरोपात एका ठिकाणी म्हटलंस की वर्षभर मी नुसती आकडे झाडते आहे, मैत्रिणी बंगळूरला कुठल्या कुठे गेल्या. त्या गेल्या, त्यांचं भलं होवो. तू आकडे झाडत नाहीस गं. नर्सबाई, काटा आणि बाळ यांच्यामध्ये जे काही निसटलं ते शोधते आहेस, आणि हे काम करणारं माणूस मोठ्या अभ्यासात नसलं तर बाकी सगळं व्यर्थ जातं. गडचिरोलीला डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या कामात १९९३ पासून दोन वर्षं केवळ गावोगावचे जन्म आणि बाळमृत्यू नीट टिपण्यात गेली. मग १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायका घरी जाऊन बाळांना जपू लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आला. ती आधीची दोन वर्षं कुणी घाईनं उरकली असती, तर हा आकडा कशाच्या आधारावर उभा राहिला असता?

काटकसरीचंही थोडं सांगून टाकतो, म्हणजे आजी म्हणणार नाही की मुख्य गोष्ट राहिली. पगारातले चार पैसे बाजूला टाकतेस हे मला माहीत आहे. तशीच प्रश्नांचीही काटकसर कर. तू पाठवलेल्या प्रश्नावलीत माझ्या मोजणीनं निम्मे प्रश्न 'असू द्यावेत' म्हणून घातलेले दिसतात. बारा दिवसांची बाळंतीण एवढी उत्तरं देत बसली तर शेवटची वीस उत्तरं ती तुला उठवून लावण्यासाठी देईल, आणि तू ती खरी धरशील. जो प्रश्न विचारून तू काही वेगळं करणार नाहीस, तो काढ. तिचा वेळ तिचा आहे. तिनं तो तुला दिला तर तिचं ऋण समज.

आता त्या केंद्राचं. माझं ऐकशील तर सूत्राला आज हात लावू नकोस. त्या केंद्राच्या नोंदी नर्सबाईंप्रमाणे आणि पाळीप्रमाणे वेगळ्या करून बघ. ढीग सगळ्या पाळ्यांत सारखा आहे की रात्रपाळीत जास्त? मग स्वतः जा, आणि पहाटे पोच, रात्रीची बाई घरी जायच्या आत. काटा कोणता आहे ते पाहा. पाच-दहा ग्रॅमचा आहे की शंभराच्या रेघांचा, रिकामा असताना शून्यावर येतो की नाही, बाळाला दुपट्यासकट ठेवतात की उघडं, वजन काट्यावरून थेट वहीत जातं की आधी तळहातावर लिहिलं जातं. माहीत असलेल्या वजनाची एखादी वस्तू घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ठेवून बघ. आणि त्या बाईंशी बोलताना तपासायला आले आहे असं दाखवू नकोस. एका खोलीत एकटी बाई तीन बाळंतपणं बघत असेल, तर तिनं अडीच लिहिलं याचा तिला दोष देता येत नाही. तिच्याबरोबर बसून चहा घे, तीच तुला सगळं सांगेल.

त्यासाठी महिनाअखेरच्या पुढे तुला पंधरा दिवस लागतील. ते मागायचे आहेत, आणि नम्रपणे पण लेखी मागायचे आहेत. अर्ज मी वेगळ्या कागदावर कच्चा लिहून सोबत दिला आहे. त्यात ढिगाचा आलेख जोड, अडीच किलोच्या आतली बाळं किती टक्के येतात ते ढीग आहे तसा धरून आणि पसरवून असं दोन्ही प्रकारांनी काढून दे, म्हणजे फरक वरिष्ठांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. इंग्रजी तू तुझं करून घे. सोमवारी दे, आणि ते काय म्हणाले ते संध्याकाळी काकूच्या मोबाइलवर कळव. आजीचा डबा शनिवारी सोलापूरच्या गाडीनं येतो आहे, उतरवून घ्यायला कुणाला तरी पाठव.

तुझे
आजोबा